आठवड्याचं वाचन-टिपण: रोज टिपायचं, शनिवारी निवडायचं, रविवारी लिहायचं

आठवडाभरात आपण बरंच वाचतो. सकाळचा पेपर, पुरवणीतला एखादा लांब लेख, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाची साठेक पानं, फोनवर कुणी पाठवलेला मजकूर. त्यात बाजारात दिसलेली रानभाजी, दुकानाच्या पाटीवरचा जुना शब्द, रद्दीच्या गठ्ठ्यातून निघालेलं पंचांग हेही येतं. महिन्याभरानं मात्र ‘तो लेख कुठं आला होता?’ याचं उत्तर सापडत नाही. आठवड्याचं टिपण त्यासाठी: पाच-सहा नोंदी, एका कागदावर मावतील एवढ्या, आणि वाचणाऱ्याच्या हाती ती गोष्ट खरोखर लागेल इतक्या नेमक्या. टिपण फसतं ते बहुतेकदा एकाच कारणानं. ‘आवडलं’ लिहिलेलं असतं, ‘कुठं मिळेल’ राहून गेलेलं असतं.

वही आणि तिची वाटणी

साधी २०० पानी, रेघांची, शिवलेली वही घ्या. स्पायरल वहीची पानं वर्षभर हाताळल्यावर भोकांपाशी फाटतात. वहीच्या पानांना आधी क्रमांक घाला. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि पुढं सगळा शोध त्यावरच चालतो. वाटणी अशी करा: पहिली ६ पानं अनुक्रमणिकेला, मग ५२ आठवड्यांना प्रत्येकी ३ याप्रमाणे १५६, शब्दांसाठी २० आणि उसन्या दिलेल्या-आणलेल्या पुस्तकांसाठी शेवटची १८. बरोबर २०० भरतात. आठवड्याच्या तीन पानांपैकी पहिली दोन कच्च्या नोंदींची, तिसरं पक्क्या टिपणाचं.

बॉलपेन वापरा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जेलची आणि फाउंटन पेनची शाई दमट कागदावर फुटते, समोरच्या पानावर उमटते.

फोनवर टिपायचं असेल तर युनिकोड मराठीतच टिपा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर दुसरीकडं चिकटवला की अक्षरांचा काला होतो. शोध चालावा म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. एक, आद्याक्षरांत जागा सोडायची की नाही: ‘वि. स.’ आणि ‘वि.स.’ हे संगणकाला वेगळे शब्द वाटतात. दुसरी, ‘ॲ’. हे अक्षर एकसंधही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं शोधलं तर सापडत नाही. ‘ऱ्या’चंही तसंच, तोही दोन पद्धतींनी लिहिला जातो. कळफलक एकच ठेवला की हा प्रश्न जवळजवळ सुटतो.

रोजची नोंद: तीन मिनिटं, पण त्याच दिवशी

दुसऱ्या दिवशी पान क्रमांक आठवत नाही, तिसऱ्या दिवशी पेपरच रद्दीत जातो. म्हणून नोंद त्याच दिवशी. काय टिपायचं ते वस्तूनुसार बदलतं.

वर्तमानपत्रातला लेख असेल तर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, मथळा, लेखक. ‘आवृत्ती’ हमखास सुटते, आणि नेमकी तीच लागते: एकाच पेपरच्या मुंबई, पुणे, नागपूर आवृत्त्यांत तोच लेख वेगळ्या पानावर असतो, कधी एखाद्या आवृत्तीत मुळीच नसतो. ई-पेपरच्या दुव्यावर विसंबू नका. काही दुवे थोड्या दिवसांनी बंद होतात, काहींना वर्गणी लागते. दुवा ठेवा, पण वरचे सहा तपशील असतील तर ग्रंथालयातल्या फाइलमधून तो लेख दहा वर्षांनीही काढता येतो.

पुस्तक असेल तर सुरुवातीच्या पानांत, शीर्षकपानाच्या मागं, जिथं प्रकाशक, मुद्रक आणि आवृत्ती छापलेली असते तिथून उतरवा. मुखपृष्ठावरून उतरवू नका. तिथं उपशीर्षक, अनुवादक, संपादक गळतात. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ वेगळं लिहा. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो आणि पान क्रमांक सरकलेले असतात, म्हणून ‘पान ११२’ कोणत्या आवृत्तीतलं, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर आतल्या शिक्क्यावरचा दाखल क्रमांकही घ्या. काउंटरवर तो सांगितला की शोधाशोध वाचते.

जुन्या पुस्तकांवर बऱ्याचदा फक्त शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: शके १८५६ म्हणजे १९३४. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळं १ जानेवारीनंतर पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे. इंग्रजी वर्ष मार्गशीर्षात किंवा पौषात बदलत असल्यानं मार्गशीर्ष, पौष, माघ आणि फाल्गुनाच्या नोंदी नीट तपासून घ्या. सन अजिबातच छापलेला नसेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहायची. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं त्यांनी एकहाती धुंडाळून नोंदवली आहेत. पुढच्या खंडात १९५० पर्यंतची आहेत. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात ती मिळते.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीचीही खूण नको आणि पानाचा कोपरा तर मुळीच दुमडायचा नाही. पाऊण इंच रुंदीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवा, पट्टीवरच पान आणि दोन शब्द लिहा. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या जुन्या पुस्तकात टाळा: गोंद कागदावर राहतो, आणि ठिसूळ पानावरून चिठ्ठी ओढताना छापलेलं अक्षर सोबत निघतं.

कात्रणं

कात्रण कापायच्या आधी त्याच्या कडेला पेपर, आवृत्ती, तारीख, पान लिहा. कापल्यावर लिहू म्हणणाऱ्यांची कात्रणं अनाथ राहतात. चहूबाजूंनी एक सेंटिमीटर कोरी जागा सोडा.

वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळं तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो, मग कडा तुटू लागतात. वर्षभराच्या टिपणाला कात्रण पुरतं. कायमचं ठेवायचं असेल तर साध्या पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढा आणि मूळ कात्रण टाकून दिलं तरी चालेल. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ नको, तिच्यावर कसर आणि झुरळं येतात. सेलोटेपही नको; तो काही वर्षांत तपकिरी होतो, निघून येतो आणि डाग मागं ठेवतो. कोरड्या गोंदाची कांडी फक्त चार कोपऱ्यांना लावा, म्हणजे कागदाला सुरकुत्या पडत नाहीत. टाचणी आणि स्टेपलची पिन पावसाळ्यात गंजते, तिचा डाग चार-पाच कागद खाली उतरतो.

यापेक्षा सोपी रीत बारा पाकिटांची. महिन्याला एक खाकी पाकीट, वर महिन्याचं नाव, आत त्या महिन्याची कात्रणं. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो हाताने चुरला जाईल इतका वाळलेला हवा. अर्धवट ओला पाला ठेवला तर कसर राहते बाजूला आणि बुरशी मात्र येते.

बसची, संग्रहालयाची तिकिटं, दुकानांची बिलं जपणाऱ्यांसाठी एक सूचना. यंत्रातून निघणारा गुळगुळीत कागद उष्णतेवर छापतो. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात आणखी लवकर. त्याच दिवशी फोटो काढा.

रद्दीत आणि फूटपाथवर सापडलेलं

जुनं पुस्तक घेताना आधी फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून बांधलेल्या पानांचे जुडगे, मोजा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं आणि गहाळ होतो तोही अख्खा फर्मा. त्यामुळं सुटी पानं चाळून उपयोग नाही. १६, ३२, ४८, ६४ अशा सांध्यांपाशी पान क्रमांक सलग आहेत ना ते पाहा. शेवटचा फर्मा विशेष तपासा, कादंबरीत तर नक्कीच. मग पुस्तक पाठीवर उभं धरून हलकेच झटका. बारीक भुसा पडला तर आत कीड आहे. कुबट वास येत असेल आणि पानांवर काळे-हिरवे ठिपके असतील तर कितीही दुर्मीळ असलं तरी ते घरच्या कपाटात नेऊ नका.

घेतलेलं पुस्तक लगेच इतरांत मिसळू नये. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन आठवडे वेगळं ठेवा, मधूनमधून पिशवीच्या तळाशी भुसा जमतो का ते पाहा. काही आढळलं नाही तर कोरड्या मऊ कापडानं पुसून सावलीत उघडं ठेवा. उन्हात नको, बांधणीचा गोंद तडकतो.

टिपणात अशा पुस्तकाची छापील किंमत आणि मोजलेली किंमत दोन्ही लिहा, आणि ते आज नवं मिळतं का हेही. ‘फक्त जुन्या बाजारात’ एवढे तीन शब्द वाचणाऱ्याचे चार हेलपाटे वाचवतात. जुन्या प्रती अभ्यासायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांच्यासारखी ठिकाणं आहेत. घरबसल्या पाहायचं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, मराठी विश्वकोशही खुला आहे. ज्या गोष्टी अधिकृतपणे फुकट मिळतात त्या टिपणात आवर्जून सांगाव्यात. बऱ्याच वाचकांना त्या ठाऊकच नसतात.

शनिवारी निवड

आठवड्याच्या दोन पानांत पंधरा-वीस कच्च्या नोंदी जमतात. त्यांतून पाच, फार तर सहा. अंदाजे वाटणी: पुस्तक एक, लेख दोन किंवा तीन, सापडलेली वस्तू किंवा जागा एक, शब्द एक. सात-आठ नोंदी दिल्या की वाचणारा पहिल्या दोन वाचून पुढं सरकतो.

निवडताना प्रत्येक नोंदीसमोर एका ओळखीच्या माणसाचं नाव लिहून पाहा: हे कुणाला सांगावंसं वाटतं? नाव सुचलं नाही तर नोंद कितीही भारदस्त असली तरी ती वगळा. सोमवारी-मंगळवारी गाजलेले लेख शनिवारी पुन्हा चाळा. बातमीच्या उष्म्यावर आवडलेलं बरंचसं तोवर निवलेलं असतं, आणि उरतं ते टिपणात घेण्याजोगं.

पुस्तक पूर्ण झालं नसेल तरी चालतं, पण ‘पान ११२ पर्यंत वाचलं’ असं स्पष्ट लिहा. पूर्ण वाचल्याचा आव आणला की पुढच्या आठवड्यात मत बदललं तर ते लिहायची सोय राहत नाही.

फोनवर आलेला मजकूर घेण्याआधी थांबा. पुलं, वपु, कुसुमाग्रज यांच्या नावावर फिरणाऱ्या मजकुरातला कितीतरी त्यांचा नसतो. नियम कडक ठेवा: पुस्तकाचं नाव आणि पान सापडलं तरच लेखकाचं नाव द्यायचं. सापडलं नाही तर तो उतारा टिपणात येत नाही. ‘लेखक अज्ञात’ लिहून पुढं ढकलणंही नको, कारण कुठल्यातरी हयात कवीची ती कविता असू शकते आणि त्या कवीचं नाव आधीच कुणीतरी पुसलेलं असतं.

रविवारी लेखन

प्रत्येक नोंद चाळीस ते साठ शब्दांची. त्यात चार गोष्टी याव्यात: हे काय आहे, त्यातलं नेमकं काय धरून ठेवतं, कुठं अडखळायला होतं, आणि कुठं मिळेल. ‘अप्रतिम’, ‘वाचनीय’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘संग्राह्य’ हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांवर फुली मारा. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवणं तर नकोच. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो.

कच्ची नोंद: ‘खूप सुंदर प्रवासवर्णन. नक्की वाचा.’

पक्की नोंद अशी व्हावी: ‘हिमालयातल्या पायी प्रवासाचं २१६ पानी वर्णन. पहिली ४० पानं तयारीतच जातात. घाई असेल तर तिसऱ्या प्रकरणापासून धरा. वाटाड्यांची बोलणी फार जिवंत उतरली आहेत. नकाशा दिलेला नाही, त्यामुळं ॲटलास जवळ ठेवा. आवृत्ती संपलेली आहे. आमच्या ग्रंथालयात प्रत आहे, सोमवारी परत करणार.’

यात एक उणीव सांगितली आहे, आणि तिच्यामुळंच बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. शेवटचं ‘सोमवारी परत करणार’ सर्वांत उपयोगी.

रोजच्या सापडलेल्या गोष्टींची नोंद अधिक काळजीनं लिहावी लागते, कारण तिथं ऋतू, जागा आणि वापर तिन्ही सांगायचं असतं. शेवळांचं उदाहरण घेऊ. ‘शेवळं बाजारात आली, मस्त भाजी!’ असं वाचून कुणी नवखा ती घेऊन आला आणि तशीच शिजवली, तर घसा धरेल. नोंदीत असं हवं: ‘पहिल्या पावसासोबत ठाणे-मुंबईकडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. जुडीसोबत काकडं ही आंबट हिरवी फळं घ्यायलाच हवीत. आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. सोलताना आतल्या दांड्यावरचा पिवळसर, दाणेदार भाग काढून टाकायचा. हाताला तेल लावून चिरावं. पहिल्यांदा करणार असाल तर विकणाऱ्या बाईंकडूनच साफ करायची रीत पाहून घ्या.’ चाळीसेक शब्द झाले, आणि भाजी खाता येण्याजोगी झाली.

शब्दाच्या नोंदीला दोन ओळी पुरतात, पण शब्द कुठं ऐकला ते त्यात हवं. ‘आगोट: पावसाळा तोंडावर आल्याचे दिवस. “आगोटीचं सामान भरून झालं का?” मासळीबाजारात, सुकट घेताना ऐकलं.’ अर्थ तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. हे दाते वेगळे आणि ग्रंथसूचीचे दाते वेगळे. टिपणात नुसतं ‘दाते’ लिहू नका. शब्द कोशात सापडला नाही तर चुकीचा समजू नका. बोलीतले कितीतरी शब्द कोशांत आलेलेच नाहीत, उलट तीच नोंद मोलाची.

उतारा द्यायचा तर थोडा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात परीक्षणासाठी, समीक्षेसाठी उतारा वापरायची मुभा आहे, पण शब्दांची संख्या ठरवून दिलेली नाही. तीन-चार ओळी, सोबत पान क्रमांक, ही मर्यादा सुरक्षित. कवितेच्या दोन ओळी. पूर्ण कविता कधीच नको. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो: १९६० साली गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुलं झालं. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, तो वेगळा मोजायचा. पुस्तकाची पीडीएफ कुणी मागितली तर प्रकाशकाचं नाव द्या. लहान मराठी प्रकाशकासाठी पन्नास प्रतींची विक्रीही मोठी असते.

वाटताना

कागदावर वाटायचं तर एका बाजूला मावेल एवढंच. सोसायटीच्या किंवा ग्रंथालयाच्या फलकावर मागची बाजू कुणी वाचत नाही. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, जोडाक्षरं आणि रफार ज्येष्ठांना नीट वाचता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर लांब निरोप मध्येच तुटून ‘अधिक वाचा’ येतं, म्हणून वर पाच नोंदींची नुसती नावं आणि खाली तपशील. नाव ठळक करायला दोन्ही बाजूंना तारका द्यायची, पण तारका आणि अक्षर यांत जागा सुटली तर ठळक होत नाही. देवनागरी तिरपी करू नका. कात्रणाचा फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर पुसट होतं.

दिवाळीनंतरचे आठवडे

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचा नोव्हेंबर-डिसेंबर वेगळा जातो. टिपणाची घडी याच दिवसांत विस्कटते: पाच-सहा अंक एकदम घरात येतात, सगळे अर्धे वाचले जातात. अंक हाती आला की वाचायला बसण्याआधी अनुक्रमणिकेचा फोटो काढा आणि तिच्यावर तीन खुणा करा: आत्ता, नंतर, नाही. ‘आत्ता’मध्ये एका अंकातले तीनच. ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घेतली असेल तर ज्या अंकांना मागणी जास्त ते आधी मागा, कारण ते परत यायला वेळ लागतो. टिपणात अंकाचं नाव आणि वर्ष लिहून भागत नाही, लेखाचं पान लिहा. तीनशे पानी अंकात लेख शोधताना लोक कंटाळतात. आठवड्याला एका अंकातल्या दोन लेखांपेक्षा जास्त घेऊ नका. असं केलं तर सहा अंक जानेवारीपर्यंत पुरतात, आणि लोकांचा उत्साह ओसरल्यावर अंक उसने मिळणंही सोपं होतं.

खाडे आणि अनुक्रमणिका

एखादा आठवडा चुकला तर मागं जाऊन भरू नका. आठवणीतून भरलेल्या नोंदींत पान क्रमांक चुकतात, आणि एकदा चुकीचा क्रमांक सापडला की वहीतल्या बाकीच्या क्रमांकांवरचाही भरवसा उडतो. तारीख टाका, ‘नोंद नाही’ लिहा, तीन पानं कोरी सोडा. ती पुढं जास्तीच्या नोंदींना उपयोगी पडतात.

अनुक्रमणिका वर्षाच्या शेवटी एकदम करायला गेलात तर होत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंधरा मिनिटं द्या: लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर, मग नाव, मग वहीचं पान. सापडलेल्या वस्तूंना लेखक नसतो, त्या महिन्याखाली लावा. पुढच्या जूनमध्ये शेवळं कधी आली होती ते पाहायला लगेच पान उघडता येतं. उसन्या पुस्तकांच्या पानांवर पुस्तक, माणूस, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख असे चार रकाने आखा. टिपण वाचून पुस्तक मागायला लोक येतातच, आणि चौथा रकाना रिकामा दिसला की निरोप धाडायचा.